टीबीच्या गोळ्या सुरू असताना दोन्ही डोळ्यांना अंधूक, लाल रंग फिका – गोळ्या बंद करायच्या का?

तुळसकट्टा (कोपरखैरणे)

सासऱ्यांना फुफ्फुसाचा टीबी आहे. वय ६१, वजन ४७ किलो, बारा वर्षांपासून डायबेटिस. थुंकीच्या सीबीनॅटमध्ये (जंतूंच्या जनुकांवरून टीबी ओळखणारी चाचणी) टीबी निघाला, रिपोर्टवर पुढे ‘रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ असं आहे. आरोग्य केंद्रातून रोज ३ गोळ्या मिळतात. चार औषधांचे दोन महिने पूर्ण झाले, तीन औषधांच्या गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झालेत. खोकला थांबला, ताप नाही, जेवण चांगलं जातं.

पण पंधरा दिवसांपासून दोन्ही डोळ्यांना अंधूक दिसतंय. स्टेशनवरचा इंडिकेटर अगदी खाली जाऊन उभं राहिल्याशिवाय वाचता येत नाही. काल डाळिंब सोलून दिलं तर म्हणाले, ‘दाणे असे पांढुरके का?’ डोळे लाल नाहीत, दुखत नाहीत. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून नवा चष्मा केला, काडीचा फरक नाही. दुकानदार म्हणतो मोतीबिंदू असेल. सुरुवातीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) १.८ होतं, तेव्हा ‘जरा वाढलंय’ एवढंच सांगितलं गेलं.

टीबी डोळ्यात गेलाय की हे औषधांमुळे? शेजारचे म्हणतात सगळ्याच गोळ्या बंद करा.

दृष्टीपटल

ताई, सगळ्या गोळ्या बंद करू नका. पण उद्या सकाळच्या गोळ्या द्यायच्या आधीच त्यांना घेऊन केंद्रात जा आणि डॉक्टरांना ‘दोन्ही डोळ्यांना अंधूक, लाल रंग फिका’ हेच शब्द सांगा. एक डोस काही तास पुढे गेल्याने टीबीचं काही बिघडत नाही. डोळ्याच्या नसेचं मात्र रोजच्या डोसागणिक बिघडू शकतं.

हे वर्णन ऐकल्यावर पहिला संशय इथॅम्ब्युटॉलवर जातो. आताच्या तीन औषधांपैकी ते एक. त्याचा त्रास शक्यतो दोन महिन्यांनंतर दिसू लागतो, दोन्ही डोळ्यांत साधारण सारखाच असतो, दुखत नाही, आणि नजरेच्या मधोमधचा भाग आधी जातो. म्हणून माणूस घरात व्यवस्थित वावरतो, पण अक्षरं आणि चेहरे अडतात. रंगांत लाल-हिरव्याची गल्लत जास्त, कधी निळा-पिवळाही.

दोन गोष्टी घरी आजच पाहता येतील. जाड कागदाला सुईने साधारण १ मिलिमीटरचं भोक पाडा. चष्मा लावून, एका वेळी एकच डोळा उघडा ठेवून, त्या भोकातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगा. भोकातून स्पष्ट दिसलं तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबरचा. तरीही दिसलं नाही, तर पडदा किंवा नस पाहावी लागते. मोतीबिंदू दाट असेल तेव्हाही भोकाने फारसा फायदा होत नाही, म्हणून त्याचा निवाडा डोळ्यांच्या डॉक्टरांनीच करायचा.

दुसरं, बाटलीचं लाल झाकण. या डोळ्याने जास्त लाल दिसतं की त्या, असं विचारू नका. दोन्ही नसा सारख्याच बिघडल्या असतील तर उत्तर ‘सारखंच’ येणार आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. एक डोळा झाकून त्यांना तुमच्या नाकाकडे बघायला सांगा. झाकण आधी नाकासमोर धरा, मग हळूहळू बाजूला न्या. निरोगी डोळ्याला लाल रंग मधोमध सगळ्यात गडद दिसतो. मधे विटलेला आणि बाजूला गडद दिसला, तर नजरेचा मध्यभाग गेलाय.

डोळ्यांच्या ओपीडीत या तपासण्या मागा: चष्म्यासह नजर, इशिहाराच्या रंगीत पाट्या, हम्फ्रीचं फील्ड (नजरेच्या कुठल्या भागात दिसत नाही ते दाखवणारी मशीनवरची तपासणी), नसेचं ओसीटी (प्रकाशाने काढलेलं थरांचं चित्र). पाट्या आणि फील्ड बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी व्हायला हवेत. थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसतं, तेव्हा त्यांना एकटं पाठवू नका. आणि ‘आत सगळं नॉर्मल आहे’ ऐकून परत फिरू नका. या आजारात नस डोळ्याच्या मागे बिघडते, सुरुवातीला आतून पाहिलं तर ती गुलाबी, निरोगीच दिसते.

गोळ्यांचा हिशोब

मला इथे खरी गोष्ट क्रिएटिनिनच्या त्या १.८ मध्ये दिसते.

एका गोळीत इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. ३५ ते ४९ किलोला ३ गोळ्या, म्हणजे ८२५. ४७ किलोला भागलं तर किलोमागे साधारण १७.५ मिलिग्रॅम. मूत्रपिंड ठणठणीत असलेल्या माणसाला हा डोस योग्यच आहे. त्याला १५ मिलिग्रॅमच्या आसपास डोळ्यांचा त्रास शंभरात एकालाही क्वचित होतो, डोस २५ च्या पुढे गेला की प्रमाण झपाट्याने वाढतं. पण इथॅम्ब्युटॉल बाहेर पडतं मुख्यतः लघवीतून. मूत्रपिंड मंद असेल तर कालचं औषध पुरतं निघायच्या आत आजचं येऊन पडतं.

आता मूत्रपिंड किती मंद, ते कागदावर मांडा. १४० मधून वय वजा: ७९. गुणिले वजन ४७: ३७१३. खाली ७२ गुणिले क्रिएटिनिन १.८: १२९.६. भागाकार २८.६, म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग मिनिटाला जेमतेम २९ मिलिलिटर. बारीक अंगाच्या, साठीतल्या माणसाच्या स्नायूंतून क्रिएटिनिनच कमी तयार होतं, त्यामुळे १.८ हा आकडा किरकोळ वाटतो आणि फसवतो. हाच १.८ ऐंशी किलोच्या तरुणाचा असता तर गोष्ट वेगळी. ३० च्या खाली गेलं की इथॅम्ब्युटॉल रोज न देता आठवड्यातून तीनदा द्यायचं असतं. पहिल्या दोन महिन्यांतलं पायराझिनामाइडही तसंच. ही आकडेमोड पहिल्या दिवशी व्हायला हवी होती. आता क्रिएटिनिन पुन्हा करा आणि नव्या आकड्याने हिशोब परत मांडायला सांगा. आताच्या उरलेल्या दोन औषधांचा, रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिडचा, डोस यासाठी बदलावा लागत नाही.

साखरेचंही बघा. रिफॅम्पिसिनमुळे ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा जोर कमी होतो, साखर चढते, भिंग फुगतं आणि चष्म्याचा नंबर वरखाली होतो. साखर स्थिर होईपर्यंत नव्या चष्म्यावर पैसे घालू नका. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासा, ते कमी असलं तरी हीच नस दुबळी होते. तंबाखू किंवा मिश्री असेल तर ती आजच बंद.

वाशी_खाडीपूल

बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं द्या, नस सुधारते. इथॅम्ब्युटॉल तेवढं चालू ठेवा, नाहीतर टीबी उलटेल.

थुंकीतपासणी

वरचा सल्ला कृपया पाळू नका. बी-१२ कमी निघालं तर ते द्यायलाच हवं आणि डायबेटिस असल्याने पायरिडॉक्सिनही (बी-६) चालू असायला हवं. पण इथॅम्ब्युटॉल पोटात जात असताना कुठलंही जीवनसत्त्व नस वाचवत नाही. नजर गेल्याचा संशय आला की ते औषध डॉक्टरांनी लगेच थांबवायचं. फील्डची तारीख मिळेपर्यंत थांबायचं नाही.

आता प्रत्यक्षात अडचण कुठे येते ते सांगतो. केंद्रातून मिळणाऱ्या पाकिटात तिन्ही औषधं एकाच गोळीत आहेत. ‘इथॅम्ब्युटॉल बंद’ असं कार्डावर लिहिलं आणि पाकीट तेच हातात ठेवलं, तर काहीच बंद झालेलं नसतं. रिफॅम्पिसिन ४५० आणि आयसोनियाझिड २२५ मिलिग्रॅम हा आताच्या तीन गोळ्यांतलाच डोस सुटा किंवा दोनच औषधांच्या गोळीत मिळायला हवा. केंद्रात नसेल तर वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकांना, ज्यांना सगळे एसटीएस म्हणतात, तिथूनच फोन लावायला सांगा. टीबी युनिटमधून सोय होते. अडलं तर निक्षयची (टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीची) हेल्पलाइन १८००-११-६६६६, निक्षय आयडी हाताशी ठेवा. जुनी उरलेली पाकिटं त्याच दिवशी परत करा. घरात राहिली की त्यातल्या गोळ्या चुकून घेतल्या जातात.

आणि एक महत्त्वाचं. तुम्ही लिहिलेल्या सीबीनॅटच्या ओळीवरून फक्त रिफॅम्पिसिन लागू पडतंय एवढंच कळतं. आयसोनियाझिडबद्दल ती ओळ गप्प आहे. ते लाइन प्रोब असेमध्ये, म्हणजे एलपीएत कळतं. आपल्याकडे आयसोनियाझिडला दाद न देणारा टीबी बऱ्यापैकी असल्यामुळेच शेवटच्या चार महिन्यांत इथॅम्ब्युटॉल तिसरा गडी म्हणून ठेवलेलं आहे. एलपीएत दोन्ही औषधं लागू असतील तर उरलेले महिने दोन औषधांवर निर्धास्त काढता येतात. आयसोनियाझिड लागू नसेल तर मात्र एकट्या रिफॅम्पिसिनवर माणूस सोडायचा नाही. तिथे लिव्होफ्लॉक्सॅसिनसह वेगळी मांडणी लागते आणि ती जिल्ह्याच्या तज्ज्ञांनी ठरवायची. म्हणून उद्या केंद्रात दुसरा प्रश्न हाच विचारा: एलपीएचा रिपोर्ट आला का?

तुळसकट्टा (कोपरखैरणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. केंद्रातून त्याच दिवशी दोन औषधांच्या गोळ्या मिळाल्या. एलपीए आधीच झालेलं होतं, दोन्ही औषधं लागू. डोळ्यांच्या ओपीडीत दोन्ही डोळे ६/२४ (निरोगी डोळा २४ मीटरवरून वाचतो ते ६ मीटरवरून), भोकातूनही तेवढंच. इशिहाराच्या पहिल्या २१ पाट्यांपैकी ४ ओळखल्या. फील्डमध्ये दोन्हीकडे मधे काळा डाग. आतून तपासलं तर नॉर्मल, मोतीबिंदू अगदी किरकोळ. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. नजर कधी येईल? आणि डोळ्यातला टीबी नाही हे नक्की ना?

दृष्टीपटल

वेळेवर गेलात. औषध थांबल्यावरही काही आठवडे नजर आणखी थोडी उतरू शकते, तेव्हा घाबरून उपाय बदलू नका. सुधारणा महिन्यांनी मोजायची असते. बऱ्याच जणांची बरीचशी नजर परत येते, काहींची अपुरी राहते, आणि जितक्या लवकर औषध थांबलं तितकी आशा जास्त. पहिली फेरतपासणी दोन आठवड्यांनी, मग दर महिन्याला, त्याच पाट्या आणि तेच फील्ड, म्हणजे तुलना खरी होते. तोवर रस्ता ओलांडताना आणि इन्सुलिन असेल तर त्याचा आकडा लावताना सोबत कोणीतरी हवं.

डोळ्यातला टीबी वेगळा वागतो. तो पुष्कळदा एका डोळ्यात जास्त असतो: लाली, उजेड सहन न होणं, नजरेसमोर तरंगणारे काळे ठिपके. तपासणीत कॉर्नियाच्या आतल्या बाजूला चरबीच्या थेंबांसारखे डाग, बाहुली मागे भिंगाला चिकटलेली, पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज किंवा पडद्याखाली पिवळट गाठी. तुमच्या सासऱ्यांचा पडदा स्वच्छ आहे आणि दोन्ही फील्ड सारखी आहेत, त्यामुळे तिकडे जायचं कारण दिसत नाही.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. डोळ्याचा टीबी थुंकीत सापडत नाही, डोळ्यातल्या पाण्याच्या पीसीआरमध्येही बऱ्याचदा हुकतो. म्हणून डोळ्याचं चित्र, छातीचा सीटी आणि मॅन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्तातली) ही टीबीच्या संसर्गाची चाचणी एकत्र ठेवून निर्णय होतो. नुसती इग्रा पॉझिटिव्ह म्हणजे डोळ्यात टीबी, असं नाही. कधीकाळी जंतू शरीरात शिरला, एवढंच ती सांगते. टीबीसाठीच्या रक्तातल्या अँटीबॉडी चाचण्यांवर २०१२ पासून बंदी आहे, कोणी सुचवल्या तरी करू नका. उपचार साधारण सहा ते नऊ महिने, सोबत गरजेप्रमाणे स्टेरॉइड. रिफॅम्पिसिन चालू असताना प्रेडनिसोलोनचा जोर घटतो, त्यामुळे डोस तज्ज्ञांनीच बसवायचा. औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सूज वाढूही शकते, म्हणून लगेच औषध लागू नाही असं ठरवायचं नसतं. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका, डोळ्याचा दाब वाढतो.

थुंकीतपासणी

उपचारकार्डावर आणि सासऱ्यांच्या डायबेटिसच्या फाइलवर, दोन्हीकडे लाल शाईने तारखेसह लिहून घ्या: ‘इथॅम्ब्युटॉलमुळे डोळ्याच्या नसेला इजा, पुन्हा देऊ नये.’ पुढे कधी टीबी उलटला आणि उपचार दुसऱ्या गावात सुरू झाले, तर तिथे पहिल्याच दिवशी चार औषधांचं पाकीट हातात पडतं.