बॅटरीचा वॉरंटी क्लेम फेटाळलाय, पुढे काय करू?

ओली_वाट: इलेक्ट्रिक गाडीला साडेपाच वर्षं झाली, ९२,००० किमी. बॅटरीला वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी. महिन्याभरात रेंज निम्म्यावर आली, चढावर तर जीवच जातो गाडीचा. सर्व्हिस सेंटरने बॅटरी पॅकच्या तळाला आलेला बोटभर पोचा दाखवला, 'बाहेरून मार लागलाय' म्हणाले आणि क्लेम फेटाळला. नवा पॅक पदरच्या पैशाने घेणं झेपणार नाही. तेवढं सोडून सांगा.

पितळी_घंटा: सरळ नवा पॅक टाका. मी टाकला, गाडी नव्यासारखी पळते. भांडण्यात वेळ जातो.

खडूचा_तुकडा: मलाही असंच परत पाठवलं. क्षमता ७२ टक्के भरली, ७० च्या खाली गेल्याशिवाय येऊ नका म्हणाले. दोन टक्क्यांसाठी! आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

उभा_पाऊस: रोज १०० टक्के चार्ज करत असाल. मी कधीच ८० च्या वर नेत नाही.

जुना_दिवा: @उभा_पाऊस, एलएफपी (लोह-फॉस्फेटवाली) बॅटरी असेल तर कंपन्याच अधूनमधून १०० करा म्हणतात, नाहीतर उरलेल्या चार्जचा अंदाज चुकतो. ८० चा सल्ला एनएमसीसाठी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली).

उभा_पाऊस: माझी एनएमसीच आहे.

तारेवरचा_कावळा: ताई, ७० टक्क्यांची अट हळूहळू झिजणाऱ्या बॅटरीसाठी असते. महिन्यात निम्मी रेंज गेली ही झीज नाही, बहुतेक एखादा सेल (पॅकमधली एक सुटी बॅटरी) बसलाय. सेल सिरीजमध्ये, एकामागे एक जोडलेले असतात, एक लवकर संपला की गाडी अख्ख्या पॅकची ताकद आवरते. लोडवर, म्हणजे गाडी जोर लावत असताना, घेतलेला प्रत्येक सेल ग्रुपचा व्होल्टेज आणि फॉल्ट कोड मागा. नकार लेखी घ्या, तोंडी नको. आणि पोचा कुठे, खराब सेल कुठे, हे ताडून बघा. बाहेर कुठे पॅक उघडू देऊ नका, मग उरलीसुरली वॉरंटीही जाते.

पितळी_घंटा: तेच म्हणतोय, नवा पॅक.

मोरपीस_७: चॅसी नंबर टाकून रिकॉल (दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का तेही बघा. २०२१ मध्ये शेव्हरले बोल्टचा रिकॉल सगळ्या गाड्यांपर्यंत वाढवला होता, सेलमध्येच दोष होता. रिकॉलचं काम फुकट होतं.

ओली_वाट: रिकॉल नाही. रिपोर्ट मात्र हातात आला. ९६ ग्रुपपैकी ६१ नंबरचा लोडवर ३.२१ व्होल्ट, बाकी सगळे ३.६८ च्या आसपास. तो मागच्या मॉड्यूलमध्ये (सेलच्या गठ्ठ्यात), पोचा पुढे उजवीकडे! रिपोर्ट आणि नकाराचा कागद शेजारी ठेवून लेखी उत्तर मागितलं. आता वॉरंटीत ते एक मॉड्यूल बदलतो म्हणतायत.

तारेवरचा_कावळा: मान्य करू नका. नवं मॉड्यूल जुन्यांच्या व्होल्टेज-क्षमतेशी नीट जुळवलं नाही तर पुन्हा तीच रड. अख्खा पॅक मागा.

खडूचा_तुकडा: +१. अख्खा पॅकच.

जुना_दिवा: +१. ग्राहक न्यायालयात जा.

ओली_वाट: सगळ्यांचं पटतंय, पण मी मॉड्यूलला हो म्हटलं. सात आठवडे गाडी दारात नाही, रोज आईला डायलिसिसला न्यायचं असतं. जुळवणी करून देऊ, एवढं मात्र जॉबकार्डवर लिहून घेतलंय. कावळेदादा, तो रिपोर्ट तुमच्यामुळे मागितला.