सगळ्या शिकारीला एकच फुल चोक?

होला: साउथ डाकोटातील फेझंट, मिनेसोटातील बदके आणि वसंतातील टर्की हे सारे मी एकाच फुल चोकवर (छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या तोंडाशी बसवायची, छर्रे फारसे पसरू न देणारी अरुंद नळी) मारतो. चोक बदलत बसणे हे दुकानदारांनी लावलेले वेड आहे.

तित्तिर: आपले विधान वाचून नवशिके फसतील, म्हणून सविस्तर लिहितो. 40 यार्डांवरील 30 इंची वर्तुळात फुल चोक सुमारे 70 टक्के आणि इम्प्रूव्ह्ड सिलिंडर हा अधिक मोकळा चोक सुमारे 50 टक्के छर्रे टाकतो, हे खरे. परंतु कुत्रा थबकून उभा राहतो आणि फेझंट 15 यार्डांवरून उठतो, तेव्हा फुल चोकने एक तर नेम हुकतो, नाही तर पक्ष्याचा खिमा होतो. आपल्यासारख्याच एका मित्राने दिलेला नर मी सोलला, तेव्हा पिसे छातीच्या मांसात रुतलेली निघाली आणि रश्श्यासाठी दोन तंगड्याच उरल्या.

जुनी दुनळी: खरा घोळ पोलादी छर्र्यांनी केला आहे. 1991 पासून अमेरिकेत बदकांसाठी शिसे सर्वत्र बंद झाले आणि तेव्हापासून माझी एक दाढ गेली. शिशाचा छर्रा दाताखाली निदान चेपत तरी असे.

होला: दाढेचा आणि चोकचा संबंध काय?

जुनी दुनळी: तोच तर मुद्दा आहे. पोलाद चेपत नाही, त्यामुळे छर्रे कमी विखुरतात आणि मॉडिफाइड, म्हणजे या दोहोंमधल्या चोकमधूनही फुलसारखा दाट पुंजका पडतो. मोठे पोलादी छर्रे जुन्या फुल चोकमधून मारल्याने तोंडाशी फुगलेली नळी मी स्वतः हाताळली आहे. शिसे असते, तर ही वेळच आली नसती.

तित्तिर: शिशाचा हा शोक आता आवरावा. तळ्याच्या गाळातले छर्रे बदके खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. मान वाकडी झालेला, उडता न येणारा हंस मी काठावर पाहिला आहे. आपल्या दाढेचे मला तितके दुःख होत नाही.

जुनी दुनळी: बंदी उठवा, असे मी कुठे म्हटले? बदकांसाठी मॉडिफाइड लावा, एवढेच म्हणतो. टर्कीच्या मानेसाठी फुल हवाच, हे होला यांचे म्हणणे मात्र नाइलाजाने मान्य.

होला: आपल्या उपकाराबद्दल आभार. रविवारी 15 यार्डांवर कागद लावून बार काढला. ताटाएवढ्या जागेत सारे छर्रे आणि मधला कागद फाटलेला. फेझंटपुरते तित्तिर यांचे बरोबर असावे. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर आणला आहे, पण नऊ वर्षे न फिरवलेला फुल चोक आट्यांत गंजून बसला आहे आणि पान्याने हलत नाही.