मदत हवी आहे: कच्छच्या मातीत माशांचे दात मिळतात, कानातले खडे (ओटोलिथ) का मिळत नाहीत?

चाळणचोथा:
लखपत तालुक्यातल्या हरुडी फॉर्मेशनची (खडकांचा थर, मध्य इओसीन, म्हणजे सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीचा) ४ किलो पिवळसर माती धुतली. उताराच्या पृष्ठभागावरची होती. ओलसर असतानाच ५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवली, १ मिमीच्या चाळणीतून काढली, आणि वरचा पांढरा थर जावा म्हणून १० मिनिटं व्हिनेगरमध्ये बुडवली.

मिळालं ते असं: शार्कचे बारीक दात, ढीगभर नुम्युलाइट (एकपेशी जीवांची नाण्यासारखी चपटी कवचं), जिप्समचे पापुद्रे. ओटोलिथसारखे दोनच तुकडे, तेही नखाने खरवडले की पीठ पडतं. पद्धत चुकली की थर? आणि खरा ओटोलिथ ओळखायचा कशावरून?

गाळकरी:
व्हिनेगरने उरलेसुरलेही संपले. ओटोलिथला आपण कानातलं हाड म्हणतो, पण ते हाड नव्हेच. तो कॅल्शियम कार्बोनेटचा खडा, आणि कार्बोनेटमध्येही ॲरागोनाइट, म्हणजे कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळणारा. दात फॉस्फेटचे, म्हणून ते टिकले. शिवाय शार्कच्या कानात असे मोठे खडे नसतात, बारीक कण असतात. तेव्हा दात भरपूर मिळाले म्हणून ओटोलिथही मिळतील हा हिशेबच चुकीचा.

एक सांगा, त्या थरात गोगलगायींचे शंख कवचासकट आहेत की नुसते साचे?

चाळणचोथा:
नुसते साचे. कालवांच्या शिंपल्या मात्र शाबूत आहेत.

गाळकरी:
मग थरच मेलेला आहे. बहुतेक शंख ॲरागोनाइटचे, कालवं आणि नुम्युलाइट कॅल्साइटचे. शंख विरघळले तिथे ओटोलिथही गेले. गाळात पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) होतं, हवा-पाणी लागल्यावर त्याचं सल्फ्युरिक आम्ल झालं, त्याने कार्बोनेट खाल्लं आणि त्यातूनच ते जिप्सम तयार झालं. पापुद्रे जितके दाट, तितकी आशा कमी. पेरॉक्साइडने हीच क्रिया बादलीत घडते, म्हणून पायराइट असलेल्या मातीला ते लावूच नये.

पुढच्या वेळी पृष्ठभाग सोडा. ३०-४० सेंमी आत खणा, पिवळेपणा संपून करडी किंवा काळसर माती लागेपर्यंत. तिथे पांढरे, कवचासकट शंख दिसले तरच पोतं भरा. शंख नसतील तर पुढचा थर बघा, चाळत बसू नका. वरच्या फुलरा चुनखडकाच्या नादी लागू नका. तो फोडायला आम्ल लागतं, आणि आम्ल म्हणजे ओटोलिथ गेला.

तिथला बराच भाग नारायण सरोवर अभयारण्यात येतो आणि सीमाही जवळ आहे. खणण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी हवी, जागामालकाचं तोंडी "हो" पुरत नाही.

बशीतला_खडा:
धुण्याबद्दल. माती पूर्ण वाळवा, उन्हात दोन-तीन दिवस, सुपारीएवढे तुकडे करून. सगळी मेख इथेच आहे. कोरड्या चिकणमातीवर पाणी ओतलं की ती आपोआप फुगून फुटते, ओलसर माती मात्र गोळाच राहते. एका लिटर कोमट पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ तास. ढवळायचं नाही, हलकं हलवायचं. गोळे उरले तर पुन्हा वाळवून पुन्हा भिजवा, बोटांनी चुरडू नका. कॅल्गॉन (पाणी मृदू करणारी पूड) वापरलंत तर तासाभरात धुऊन टाका, ते कॅल्शियम ओढून घेतं.

१ मिमीची चाळणी एकटी वापरू नका. २, १ आणि ०.५ मिमी अशी उतरंड लावा. गोबी, अपोगॉन असल्या छोट्या माशांचे खडे ०.५ वरच सापडतात. नळाचा जोर थेट जाळीवर नको, चाळणी टबात बुडवून हलवा. शेवटचं धुणं तीन-चार पाण्यांत, कारण मातीतलं मीठ राहिलं तर वाळताना स्फटिक होऊन वरचा पापुद्रा उडवतं. वाळवणं सावलीत.

मग काळ्या बशीत एका दाण्याच्या जाडीने पसरा आणि १०-२० पट भिंगाखाली ००० नंबरच्या ओल्या ब्रशने उचला. चिमट्याने खडा उडून जातो, सापडत नाही.

गाळकरी:
ओळखीबद्दल. नखाने ओरखडा उठला तर आधी जिप्समचाच संशय घ्या. तुटका तुकडा १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबात टाकून बघा (चांगला नमुना नव्हे!). ओटोलिथ फसफसतो, जिप्सम नाही. तुटलेल्या कडेवर नुम्युलाइटमध्ये कप्प्यांचं वेटोळं दिसतं, ओटोलिथमध्ये एकात एक वलयं.

पण खरी खूण म्हणजे आतल्या, बहुधा फुगीर बाजूवरची खाच, सल्कस. तिचा पुढचा रुंद भाग ऑस्टियम, मागचा अरुंद भाग कॉडा. खाच दिसत नसेल तर उजेड आडवा पाडा, सरळ उजेडात ती सपाट होऊन जाते. आतली बाजू आपल्याकडे, पाठीची कड वर धरा. ऑस्टियम डावीकडे आलं तर खडा उजव्या कानाचा. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

बशीतला_खडा:
तुलनेसाठी पुस्तकाआधी मासळी बाजार. ढोमा आणि घोळ यांचे खडे जाड असतात, बाहेरून खडबडीत, आतली खाच बेडकाच्या पिल्लासारखी: मोठं डोकं, वळलेली शेपूट. शिंगाळ्यात मात्र मोठा खडा सॅजिटा (बहुतेक माशांत सर्वांत मोठा असणारा खडा) नसून लॅपिलस (कानातला दुसरा खडा) असतो, शिंपलीसारखा गोल फुगीर, त्यावर ती खाच शोधू नका. बांगड्याचा खडा इतका पातळ की काढतानाच मोडतो. डोकं दहा मिनिटं उकळा, कवटीची मागची बाजू उघडा, मेंदूच्या खाली दोन्ही बाजूंना खडे मिळतील.

झिजलेल्या किंवा पिल्लाच्या खड्यावर जातीचं नाव लावू नका, कुळापाशी थांबा. कच्छ आणि जावाच्या मध्य इओसीन ओटोलिथांवर नोल्फ आणि बाजपेयी यांचा १९९२चा लेख आहे, चित्रं तिथे जुळवून पाहा. ठेवायला जिलेटिनच्या कॅप्सूल, आत थराची नोंद. लाकडी खणात ठेवू नका, लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफेने खडे भुरभुरतात.

चाळणचोथा:
म्हणजे दोन तुकडे जिप्समच निघणार बहुतेक. आम्लाचा थेंब टाकून सांगतो.

चाळणचोथा:
एक फसफसला, एक नाही. फसफसलेल्याच्या कडेवर वेटोळं आहे.

गाळकरी:
नुम्युलाइट. आत खणा.