कातळ फोडून हापूस: जमाखर्चात काय काय धरायचं?

गवतपाती
रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारांवर, सुरुंग लावून, वर माती ओतून हापूसच्या बागा उभ्या राहतायत. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, १०० टक्के अनुदान मिळालं, आणि डोंगरउतारावरच्या वरकस (हलक्या) जमिनी कलमांखाली गेल्या. उतार संपत आले तसा मोर्चा कातळाकडे वळला. बागेच्या अंदाजपत्रकात खड्डा, कलम, खत, ठिबक, राखण सगळं असतं. माती कुठून आणली, हा रकाना नसतो.

हेक्टरभर बाग धरा. १० बाय १० मीटरवर १०० कलमं. कातळात मुळांना बाजूला सरकायला वाव नाही, त्यामुळे १ घनमीटरचा खड्डा पुरत नाही. वर चिऱ्यांचा (घडीव दगडांचा) कठडा करून भराव घालावा लागतो. कलमामागे २ घनमीटर धरली तरी २०० घनमीटर माती झाली, म्हणजे साधारण ७० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), दोन ब्रासच्या डंपरच्या ३५ खेपा. कुठल्या तरी उतारावरची फूटभर माती खरवडली तर साडेसहा गुंठे उघडे पडतात. एक हेक्टर हिरवं झालं म्हणताना हे साडेसहा गुंठे कुणाच्या नावावर टाकायचे?

देवगडी
माती आभाळातून पडत नाही हे बागायतदारालाही कळतं हो. पण तुलना कशाशी करताय ते आधी सांगा. हापूसची कोकणातली सरासरी हेक्टरी तीन टनांच्या आत आहे. १०० झाडांवर १० ते १२ हजार फळं धरा. तरी त्यात राखणदार, फवारणीवाले, काढणीवाले, पेट्या भरणाऱ्या बायका, टेम्पोवाले, एवढ्यांचा हंगाम निघतो. सडा तसाच ठेवला तर काय? चार महिने गवत, आठ महिने तापलेला दगड. आणि 'तसाच' तो राहतही नाही. बाग नाही झाली तर चिऱ्याची खाण होते, नाहीतर प्लॉट पडतात. खाणीतून परत काही उगवत नाही. शिवाय कातळावरचं फळ लवकर तयार होतं, रंग आणि वास चढतो, आणि पहिल्या पेटीला भाव असतो.

पाणीमोजणी
दोघांनीही पाणी वगळलंय. कोकणात ३००० मिमी पाऊस धरला तर हेक्टरभर सड्यावर ३ कोटी लिटर पडतं. नवीन कलमाला आठवड्याला ३० लिटर, डिसेंबर ते मे २४ आठवडे, १०० कलमं: ७२ हजार लिटर. पावसापुढे हा आकडा चिल्लर वाटतो.

देवगडी
मग प्रश्नच मिटला की!

पाणीमोजणी
नाही मिटला. ३ कोटी लिटर ऑक्टोबरपर्यंत पऱ्याने (ओढ्याने) खाडीला पोचलेलं असतं. ७२ हजार काढायचे असतात ते पायथ्याच्या वाडीच्या विहिरीतून किंवा झऱ्यातून, नेमके विहिरी तळ दाखवतात तेव्हा. एका सड्यावर ४० हेक्टर नव्या बागा झाल्या तर आठवड्याला १ लाख २० हजार लिटर. खालच्या वाडीत ५०० माणसं, दरडोई रोज ५५ लिटर, तर आठवड्याची गरज १ लाख ९२ हजार. म्हणजे कलमं वाडीच्या गरजेच्या साठ टक्क्यांहून अधिक पाणी मागतात. कलमं मोठी झाली की पाणी तोडता येतं हे खरं, पण ती तीन-चार वर्षं वाडीने टँकरवर काढायची?

सुरुंगाचंही बघा. सड्याचा तांबडा दगड, जांभा, सच्छिद्र असला तरी वरची कवची बऱ्याच ठिकाणी घट्ट असते, तिच्यामुळे सड्यावरच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. सुरुंगाने ती तडकली की शेजारचा खळगा गळतो. याच्या उलटही होतं. तळाला भेग नसलेला खड्डा म्हणजे हौद. जुलैत त्यात पाणी कोंडतं, मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात, आणि मालक खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालतो. उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापासून चर काढून पाणी बाहेर सोडायला हवं. हे काम खड्डा मारतानाच करायचं असतं, भराव घातल्यावर काही उपयोग नाही.

गवतपाती
'चार महिने गवत' म्हणून सोडून देऊ नका. सड्याची पाहणी लोक मे महिन्यात करतात, म्हणून तो उजाड दिसतो. ऑगस्ट-सप्टेंबरात जा. सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद या रानफुलांचे ताटवे असतात. दीपकाडी फुलते, जी कोकणाबाहेर जवळजवळ नाहीच. सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे खातात, कारण तिथल्या ओंजळभर मातीत नत्र नसतं. बागेचं शेणखत, युरिया वाहत त्या खळग्यात आला की तण माजतं आणि ही झाडं हरतात. कुऱ्हाड लावावी लागत नाही, खताचं पाणी पुरतं. गुरांची चराई आणि भाताच्या राबासाठीचं (रोपांच्या जागेवर भाजणीसाठीचं) गवत हाही सड्याचाच हिशेब, फक्त त्याची पावती फाटत नाही.

देवगडी
आणि फुरशी? दगडाखालच्या फुरशांसाठी वर्गणी कोण देणार? बागेला गडगा (दगडी कुंपण) घातला की त्यातही साप-जनावरं राहतातच.

गवतपाती
भारतातली सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासूनच बनते. तेव्हा वर्गणी मागायची वेळ आलीच तर अगदीच रिकाम्या हाताने यावं लागणार नाही. गडग्यात मुंगूस येतं, धामण येते. पण पांढऱ्या पट्ट्यांची एक लहान पाल फक्त या दोन जिल्ह्यांच्या सड्यांवर आहे, आणि ती सुट्या, पसरट दगडाखाली राहते. गडग्यासाठी आधी उचलला जातो तो नेमका तोच दगड.

सातबारा_आठअ
कागदाकडेही बघा. सडा बऱ्याच ठिकाणी पोटखराब्यात (लागवडीलायक नसलेल्या जमिनीत) असतो, उपग्रहाच्या नोंदीत 'पडीक खडकाळ'. नोंदच पडीक, मग गेलं काय हे कोण विचारणार? दुसरं, सातबारा सामाईक. वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबईला. त्यातला एक जण बाग करतो, बाकीच्यांची चराई बंद होते. तिसरं, कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर कोरलेली प्राचीन चित्रं. बारसू, देवीहसोळ, कशेळी, उक्षी ही नावं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, आणि चालताना पायाखाली आला तरी कळत नाही. ब्रेकर चालवणाऱ्याला काय कळणार? ऑपरेटर बोलवायच्या आधी पावसाळ्यानंतरच्या तिरप्या उन्हात सकाळी एक फेरी मारा, कोरीव रेषांना तेव्हा सावली पडते.

देवगडी
कातळशिल्पांचं मान्य. तिथे कोणी सुरुंग लावला तर मीच आडवा येईन. पण बाकी ठिकाणी 'करू नका' हे उत्तर होत नाही.

पाणीमोजणी
'असं करा' म्हणून सांगतो. सुरुंग नकोच. जिथे नैसर्गिक भेग किंवा मातीचा खिसा आहे तिथेच झाड. रांग सरळ येणार नाही, येऊ नये. कातळ उथळ असेल तर हापूसचा हट्ट सोडून वेंगुर्ला ४ किंवा ७ काजू लावा, तो कमी पाण्यात तगतो. पाणी साचणाऱ्या खळग्यांच्या वरच्या अंगाला खत टाकू नका. पाण्यासाठी ५ बाय ४ बाय दीड मीटरचं जलकुंड, आत सिल्पोलिन (प्लास्टिकचा कागद), ३० हजार लिटर. हेक्टरी तीन लागतील. ते पावसातच भरायचं आणि वर गवताचं छप्पर घालायचं. उघडं ठेवलंत तर मेपर्यंत निम्म्याहून अधिक उन्हातच जाईल, आणि पुन्हा वाडीच्या विहिरीवर पंप.

देवगडी
तीन कुंडांचा खर्च, कमी झाडं, वर काजू. बँकेला हे कोण सांगणार? आणि बाग एक-दोन वर्षांच्या कराराने दिली की सगळंच बिनसतं. करारवाला कलटार (वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला ३ मिली एवढं मोजून घालत नाही, अंदाजाने दुप्पट ओततो. पुढच्या वर्षी झाड त्याचं नसतं ना! उथळ मुळांच्या कातळावरच्या झाडाला ते जास्तच बाधतं. सड्यावरच्या फुलांच्या काळजीआधी हे दुखणं बघायला हवं.

सातबारा_आठअ
मग करारनाम्यात कलटारची मात्रा, तारीख (१५ जुलै ते १५ ऑगस्ट) आणि कुंड भरायची जबाबदारी, तीनही अटी घाला. सामाईक जागा असेल तर सगळ्या खातेदारांच्या सह्या घेऊनच.

देवगडी
पंचवीस सह्या? त्यापेक्षा कातळ फोडणं सोपं.