बर्फ नाही, तरी मुलींसाठी रिंगेट सुरू करता येईल का?

पायवाट_मुलुंड
आमच्या मंडळातर्फे 8 ते 11 वयाच्या मुलींसाठी रिंगेट (बर्फावर स्केट्स घालून, सरळ काठीने रबरी रिंग सरकवत गोल करायचा खेळ) सुरू करायचं घाटतंय. 16 नावं आली आहेत. एका शाळेचा हॉल शनिवारी सकाळी 8 ते 9:30 मिळतोय. आत बास्केटबॉलच्या रेघा आहेत, फरशी कोट्याची. स्वयंसेवक चार, त्यातल्या दोघी खो-खो खेळलेल्या. हॉकीची काठी कुणीच धरलेली नाही. बर्फाशिवाय खेळलं तर त्याला रिंगेट म्हणायचं का, सामान कुठून जमवायचं आणि पहिल्या दिवशी नेमकं काय घ्यायचं? आणि पालकांचा ठरलेला प्रश्न: "काठी लागणार नाही ना?"

निळी_रेघ
म्हणायला काहीच हरकत नाही. कॅनडातही नवख्या मुलींना हॉलमध्ये, साध्या बुटांवर हा खेळ शिकवतात. त्याला जिम रिंगेट म्हणतात. हा खेळ 1963 मध्ये ओंटारिओतल्या नॉर्थ बे इथे सॅम जॅक्स यांनी काढला, तोही मुलींसाठीच. त्याआधी 1936 मध्ये त्यांनीच फ्लोअर हॉकीचे नियम बांधले होते. म्हणजे काठीचा खेळ लाकडी फरशीवरून बर्फावर गेला. तुम्ही तो परत खाली उतरवताय, एवढंच.

बर्फावर गोलकीपर धरून 6-6 जणी असतात, काठी सरळ असते, तिला हॉकीसारखं पातं नसतं आणि अंगाला अंग भिडवायची परवानगी नाही. पण खेळाचा जीव मैदानावर आडव्या आखलेल्या निळ्या रेषेत आहे: रिंग घेऊन ती रेषा ओलांडता येत नाही, पलीकडच्या मैत्रिणीला पास द्यावाच लागतो. बाकी काहीही सोपं करा, हा नियम सोडू नका. तो सोडला की सगळ्यांत वेगवान मुलगी एकटीच गोलपर्यंत पळते आणि उरलेल्या पंधरा बघत राहतात.

बास्केटबॉलचं कोर्ट 28 × 15 मीटर. त्यावर एकच सामना लावलात तर काही मुली बाकावर बसतील. कोर्टाचे मधोमध दोन भाग करा आणि प्रत्येक भागात आडवं खेळवा. 15 मीटर लांब, 14 मीटर रुंद अशी दोन छोटी मैदानं होतात. प्रत्येकी 4 विरुद्ध 4 (तिघी आणि एक गोलकीपर), म्हणजे 16 जणी एकाच वेळी खेळतात. लांबीच्या मध्यावर, 7.5 मीटरवर, एक रेघ. ती पासनेच ओलांडायची. शिवाय एका संघाच्या तिघींपैकी कोणत्याही बाजूला जास्तीत जास्त दोघी. बर्फावर असाच नियम आहे, तिथे आकडा तीन. याने गुळाला माशा लागाव्यात तशी गर्दी होत नाही आणि रेघेपलीकडे पास घ्यायला कुणीतरी कायम उभी असते.

गोल बर्फावर 1.83 × 1.22 मीटर असतो. तुम्ही दोन शंकूंमध्ये दीड मीटर अंतर ठेवा आणि गुडघ्याखालून गेलेलाच गोल मोजा. पुढे दीड मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ, त्यात फक्त गोलकीपर. तिच्या हाती रिंग आली की 5 सेकंदांत बाहेर टाकायची.

उलटी_काठी
सामानाचं सांगतो. टेनिकॉइटची (जाळीवरून हाताने फेकून झेलायच्या खेळाची) रबरी रिंग घ्या, धोबी तलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत मिळते. बर्फावरची रिंग बाहेरून 16.5 सेंमी, ही साधारण 18, चालते. पण तशीच वापरलीत तर कोट्यावर दोन भानगडी होतात: सपाट असताना रबर फरशीला धरतं आणि जरा धक्का बसला की ती कडेवर उभी राहून उड्या मारत पळते. जुन्या टी-शर्टच्या 4 सेंमी रुंद पट्ट्या सबंध रिंगेभोवती घट्ट गुंडाळून शिवा. गाठी बाहेरच्या कडेला येऊ द्या, आत आल्या तर काठीचं टोक अडकतं. दोघींत एक अशा 8 आणि 2 जादा.

काठीसाठी मॉपचा लाकडी दांडा, 22 ते 25 मिमी जाडीचा. पीव्हीसी पाइप नको, तो फुटला की सुरीसारखी धार येते. बांबूच्या फासा निघतात. बूट घालून उभ्या मुलीच्या बगलेपर्यंत लांबी ठेवा. सगळ्यांना एकाच मापाच्या काठ्या दिल्यात तर बुटक्या मुली काठी आडवी धरतात आणि शेजारणीच्या नडगीवर मारतात. खालच्या टोकाला कापड गुंडाळून वर कापडी टेप लावा, 5-6 सेंमी जाड गोळा होईपर्यंत. काळी इलेक्ट्रिकची टेप नको, फरशीवर डाग पडतात आणि पुढच्या शनिवारी हॉलला कुलूप दिसतं. वरचं टोकही असंच जाड करा. रिंग अचानक अडकली की काठीची मूठ पोटात बसते. नवख्यांना लागतं ते बहुतेक असंच.

रिंगेटच्या खास हेल्मेटची जाळी हॉकीच्या जाळीपेक्षा वेगळी असते, कारण ही निमुळती काठी हॉकीच्या जाळीतून आत शिरू शकते. क्रिकेटच्या हेल्मेटलाही तोच धोका आहे. गोलकीपरला ते द्याच, पण आधी काठीचं टोक जाळीला लावून बघा. आत जात असेल तर गोळा आणखी जाड करा. बाकीच्यांना स्केटिंगचं हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि पॉलिकार्बोनेटचे खेळाचे गॉगल.

आणि हो, खडूने रेघा आखू नका. कोट्यावर खडूची भुकटी म्हणजे घसरगुंडी. मास्किंग टेप लावा आणि त्याच दिवशी काढा.

पायवाट_मुलुंड
फारच उपयोगी. काही पालक म्हणताहेत, मुलींना रोलर स्केट्स येतातच, मग थेट चाकांवर का नको?

दादरची_ताई
नकोच. निदान पहिले दहा आठवडे तरी. पाय सांभाळण्यात लक्ष गेलं की काठी तोल सावरायला हवेत वर जाते, आणि हॉलमध्ये नेमकं तेच नकोय. शिवाय चाकं म्हटलं की शाळा हॉल देईलच असं नाही. पायांचं काम तुमच्या खो-खोवाल्या दोघींकडे द्या. गुडघे वाकवून खाली राहणं, झटक्यात दिशा बदलणं, सगळं त्यात आहे.

पहिला दिवस असा घ्या. दहा मिनिटं लंगडी. मग पंधरा मिनिटं काठी धरून नुसतं चालणं: वरचा हात काठीच्या टोकावर, दुसरा त्याच्या 30 सेंमी खाली, टोक रिंगेच्या आत. जोर लावून दाबलं की रिंग अडते, सैल सोडलं की निसटते. हे हातालाच कळावं लागतं. तेवढ्यात समोर उभ्या ताईने बोटं दाखवायची आणि मुलींनी किती ते ओरडून सांगायचं. ही युक्ती फालतू वाटेल, पण मान खाली घालून चालणाऱ्या दोघींची डोकी आपटतात ती यानेच वाचतात. पुढची वीस मिनिटं जोडीने 4 मीटरवरून पास. देणं सोपं, घेणं अवघड: सरपटत येणाऱ्या रिंगेच्या भोकात टोक टाकायचं असतं. मुली रिंगेच्या मागे टोक टोचतात आणि ती पुढे निघून जाते. रिंग पायापाशी येईपर्यंत थांबून मग टोक सरळ खाली, असं शिकवा. उरलेल्या वेळात सामना, मध्ये पाणी.

रिंग काढून घ्यायची तर समोरच्या काठीच्या टोकाजवळ खालून हलकेच उचलायची. वरून मारणं बंद. बर्फावर काठी खांद्याच्या वर नेली की शिक्षा होते. तुम्ही हद्द गुडघ्यावर आणा. टोक गुडघ्याच्या वर गेलं की रिंग दुसऱ्या संघाला, मग ती गोल मारायच्या बेतात असली तरी. पालकांना हे लिहून द्या, काठीच्या प्रश्नाला तेवढं उत्तर पुरतं.

हॉलमध्ये दोन मोठी माणसं कायम हवीत, त्यातली एक बाई. एकटा स्वयंसेवक आणि एकटी मुलगी असं कधीच नको, स्वच्छतागृहापर्यंत जातानासुद्धा. मुलीला न्यायला कोण येणार त्याची नावं पालकांच्या सहीने घ्या, ग्रुपवर फोटो टाकायचे तर त्याचीही वेगळी परवानगी. चौघांनी 2012 चा पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) एकदा एकत्र बसून वाचावा. नोंदणीची घाई नको, आधी एक हंगाम मंडळाच्याच नावाखाली जाऊ दे. पुढे स्वतंत्र संस्था काढायची झाली तर किमान सात सभासद लागतात.

उलटी_काठी
एक राहिलं. दिवाळीनंतर सुरू करा. पावसाळ्यात कोट्याला घाम सुटतो, रिंगेवरचं कापड ओलं होऊन जड होतं आणि मुली घसरतात. मात्र लग्नसराईत हॉल हातचा जाऊ शकतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या तारखा शाळेकडून आत्ताच लेखी घ्या.