राधानगरी धरणाला मोठे कालवे नसताना त्याचे पाणी शेतापर्यंत कसे पोहोचते?

प्रश्न | प्रवराकाठ

मी अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला. आमच्याकडे भंडारदऱ्याचे पाणी म्हटले की प्रवरेचे डावा आणि उजवा हे दोन कालवे, त्यांच्या चाऱ्या (पोटकालवे) आणि आवर्तनाची, म्हणजे पाणी सुटण्याच्या पाळीची, वाट पाहणारे शेतकरी असेच चित्र डोळ्यांपुढे येते. गेल्या महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीला जाणे झाले, तेव्हा भोगावती नदीच्या खोऱ्यात दोन्ही तीरांवर ऊस दिसला, पण त्याला पाणी देणारा मोठा कालवा कुठेच दिसला नाही. हे धरण शाहू महाराजांनी बांधले एवढेच मला ठाऊक आहे. ते कशासाठी बांधले गेले, त्याच्या पाण्याची वाटणी कशी होते आणि पावसाळ्यात ज्यांच्या बातम्या येतात ते स्वयंचलित दरवाजे नेमके कसे चालतात, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर | करवीर निवासी

आधी इतिहास सांगतो. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांची झळ करवीर (कोल्हापूर) संस्थानालाही बसली होती. त्यानंतर 1902 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानाचे पाटबंधारे धोरण जाहीर केले आणि विहिरी व तळी यांची पाहणी करून त्यांच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले. भोगावती अडवण्याची योजना याच धोरणातून पुढे आली आणि 1908 च्या सुमारास कामाला सुरुवात झाली. धरणाजवळ वसवलेल्या गावाला महाराजांच्या कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांचे नाव मिळाले आणि जलाशय लक्ष्मी तलाव या नावाने ओळखला जाऊ लागला.

एवढे मोठे काम एका लहान संस्थानाच्या तिजोरीला पेलणारे नव्हते. भिंत अर्धवट असतानाच काम थांबले, 1922 मध्ये महाराजांचे निधन झाले आणि धरण पूर्ण व्हायला 1957 साल उजाडले, म्हणजे तोपर्यंत संस्थान विलीन होऊनही काही वर्षे लोटली होती. त्यामुळे ‘शाहू महाराजांनी बांधले’ हे वाक्य संकल्पना, जागेची निवड आणि सुरुवात यांच्यापुरते खरे आहे. पूर्ततेचे श्रेय पुढच्या दोन राजवटींनाही द्यावे लागते. आज धरणाची साठवण क्षमता सुमारे 8.36 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. उन्हाळ्यात पाणी बरेच खाली गेले की जलाशयातला महाराजांचा ‘बेनझीर व्हिला’ उघडा पडतो. जमल्यास त्या दिवसांत पुन्हा या.

उत्तर | बरगेवाला

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की इथे नदी हाच कालवा आहे. धरणातून सोडलेले पाणी पायथ्याच्या वीजगृहातून भोगावतीच्या पात्रात येते, प्रयाग चिखलीजवळ पंचगंगेत जाते आणि वाटेत ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडवले जाते. या बंधाऱ्यात दगडी खांबांना खाचा ठेवलेल्या असतात. पावसाळा संपल्यावर त्या खाचांत बरग्यांच्या (आडव्या फळ्यांच्या) दोन रांगा बसवून मधल्या पोकळीत माती भरतात, त्यामुळे पात्रात पाणी तुंबते. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे बरगे काढून घेतात, म्हणजे पुराचे पाणी आणि गाळ अडथळ्याविना निघून जातो. बांधकाम थोडक्यात भागते आणि जमीन फारशी बुडत नाही, परंतु दरवर्षी घालण्या-काढण्याची मेहनत असते, गळती होते आणि बरगे चोरीला जाण्याचा त्रास तर नेहमीचाच.

अडवलेले पाणी शेतकरी किंवा सहकारी पाणीपुरवठा संस्था मोटारींनी उपसून, नळ टाकून वरच्या रानात नेतात. कालव्याच्या प्रदेशात पाणी उताराने येते आणि कालव्यापेक्षा उंचावरची जमीन कोरडी राहते. इथे उंचावरची जमीनही भिजते, मात्र त्याची किंमत वीजबिलात मोजावी लागते. परिते येथील भोगावती साखर कारखान्याच्या परिसरातला ऊस मुख्यतः याच उपशावर उभा आहे. पाणी कमी पडले की पाटबंधारे विभाग उपसाबंदी लावतो. ठरलेल्या दिवशी वरच्या टप्प्यातल्या मोटारी बंद ठेवल्या, तरच खालच्या बंधाऱ्यांपर्यंत पाणी पोहोचते. भांडणे होतात ती इथेच, आणि त्यांत वरच्या गावांची बाजू नेहमीच कमकुवत असते असे माझे मत आहे.

उत्तर | पूररेषा

दरवाज्यांविषयी लिहितो. सांडव्यावरच्या सात दरवाज्यांना वजनाने तोलून धरलेले आहे. धरण भरून पाणी ठरावीक पातळीवर गेले की त्याच्या दाबाने तोल बदलतो व दरवाजा उघडतो आणि पातळी उतरली की तो आपोआप मिटतो. त्यासाठी वीज लागत नाही, माणूसही लागत नाही. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी बाहेर पडते, म्हणजे सातही उघडले तर जवळपास 10 हजार क्युसेक, आणि वीजगृहातून जाणारे साधारण 1400 क्युसेक वेगळे.

या रचनेची दुसरी बाजू 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर पुष्कळ चर्चिली गेली. धरण भरल्याशिवाय हे दरवाजे उघडत नाहीत, त्यामुळे मोठ्या पावसाचा अंदाज आधी मिळाला तरी त्यांच्यामार्फत जागा मोकळी करता येत नाही. वीजगृह आणि सेवाद्वार, म्हणजे माणसांनी उघडायचा वेगळा दरवाजा, एवढेच मार्ग उरतात. सेवाद्वाराचे पाणी किती जोराचे असते हे डिसेंबर 2021 मध्ये दिसले, जेव्हा देखभालीच्या कामाच्या वेळी ते उघडे राहून ऐन हिवाळ्यात भोगावतीला पूर आला. तरीही कोल्हापूरच्या पुराचा सगळा दोष राधानगरीवर टाकणे मला पटत नाही. पंचगंगेला कासारी, कुंभी आणि तुळशी याही नद्या मिळतात आणि कोल्हापूरजवळ पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी सगळ्यांच्या मिळून येणाऱ्या पाण्याने ओलांडली जाते. शिवाय हे धरण साठ्यासाठी आखले गेले. पूरनियंत्रणाची अपेक्षा त्याच्यावर नंतर येऊन पडली.

प्रवराकाठ

आपणा सर्वांचे आभार. एक शंका उरते: उपसाबंदीच्या काळात नदीकाठच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या योजनाही थांबतात का?

बरगेवाला

नाही. उपसाबंदी शेतीच्या मोटारींसाठी असते. पिण्याच्या पाण्याच्या योजना त्यातून वगळलेल्या असतात.