१०८ साठी राज्याचा कायदा हवा, तर निवेदनात नेमकं काय मागायचं?

घोडबंदरकर: सोसायटी फेडरेशनतर्फे आमदारांना निवेदन द्यायचंय. १०८ ची ॲम्ब्युलन्स सेवा राज्यात २०१४ पासून आहे, पण ती कंत्राटावर चालते, स्वतंत्र कायद्यावर नाही. 'गाड्या वाढवा' यापलीकडे काय लिहावं?

कोपरीवाला: आधी घड्याळ. वेळ कुठून कुठपर्यंत मोजायची ते कायद्यातच लिहून घ्या. गाडी गेटवर आली की कागदावर आकडा झकास दिसतो, पेशंट मात्र बाविसाव्या मजल्यावर. आठ माणसांची लिफ्ट आतून साधारण १.३ बाय १.१ मीटर, स्ट्रेचर १.९ मीटर. आडवं मावणार कसं? घडीची खुर्ची गाडीत सक्तीची हवी. पाच टप्प्यांची वेळ नोंदवायला लावा: फोन उचलला, गाडी निघाली, गेट, पेशंटजवळ पोचले, हॉस्पिटलने ताबा घेतला. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. कॅज्युअल्टीत ट्रॉली रिकामी नसली की गाडीचं स्ट्रेचर तिथेच अडकतं, आणि गाडी पुढच्या कॉलला सुटत नाही.

वाशी_सेक्टर१७: गाडी येण्याआधीची मिनिटंही धरा. हृदय बंद पडलं आणि सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) नाही, तर विजेचा शॉक मिळेपर्यंत दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून कॉल घेणाऱ्याने फोनवरच सीपीआर सांगणं बंधनकारक हवं. प्रश्न दोनच: शुद्ध आहे का? श्वास नेहमीसारखा आहे का? दोन्ही 'नाही' तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, किमान ५ सेंमी खोल. चूक होते ती आचक्यांपाशी, म्हणजे हृदय बंद पडल्यावरही अधूनमधून लागणाऱ्या धापेपाशी. घरचे सांगतात 'श्वास चालू आहे', आणि सूचना थांबतात. एईडी (तो शॉक देणारं यंत्र) मागणार असाल तर वॉचमनच्या केबिनमध्ये, कुलपाविना. पॅड आणि बॅटरीची मुदत संपते, ती कोण तपासणार तेही लिहा.

घोडबंदरकर: वाट न देणाऱ्यांना दंड? आणि ॲडव्हान्ससाठी अडवणारी हॉस्पिटलं?

कोपरीवाला: दंड आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ई, २०१९ ची दुरुस्ती: १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण १३४ए मध्ये. तेच पुन्हा मागून पान वाया घालवू नका. (घोडबंदर रोडवर गायमुखला दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे असताना वाट देणार तरी कुठून!)

ॲडव्हान्सचा मुद्दा मात्र खरा. 'आधी पेशंट स्थिर करा' हे केंद्राच्या २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायद्यात कलम १२ मध्ये आहे, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा, त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले. ती तरतूद थेट राज्याच्या कायद्यात मागा. गुजरातने २००७ मध्येच स्वतंत्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा कायदा केलाय. मसुद्याआधी तो समोर ठेवा.

वाशी_सेक्टर१७: महापालिकेच्या, अग्निशमनच्या आणि खासगी गाड्या १०८ च्याच पडद्यावर दिसल्या पाहिजेत, हे एक कलम राहिलं. ऐरोलीत गाडी मोकळी उभी आणि कॉलला कळव्याहून पाठवली, असं व्हायला नको.